दिवा लागलेलाच होता

मंगळवार, १ डिसेंबर १९३१
जव्हारचा दवाखाना

डाव्या पायाला दोन फळ्या आवळून बांधल्या आणि डॉक्टर म्हणाले, "आता हलायचं नाही." जसा काही मी नाचायलाच निघालो होतो. गुडघ्याखालचं हाड मोडलं आहे. जुळेल म्हणतात. सरळ जुळेल की वाकडं, ते मात्र कुणी सांगत नाही.

शनिवारी काय झालं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवतो, कारण पुढे जो तो आपल्या सोयीचं सांगेल. दिवसभर जामसरला पोरांना देवी टोचल्या. 'टोच्या आला, टोच्या आला' करत अर्धी पोरं रानात पळाली. त्यांच्या आयांनीच पळवली. उरलेल्यांचे दंड धरून काम उरकलं, जव्हारला येऊन लस आणि सुया जमा केल्या आणि दिवेलागणीला सायकलवर बसून साखरशेतला घरी निघालो. निघताना सायकलचा दिवा लावला. घासलेट भरलेलं होतं, वात कापलेली होती, काच मी स्वतः पुसली होती. चंद्र उगवायचा होता. गावच्या वळणापाशी आलो तेव्हा मागून मोटारीचा आवाज आला. मग रस्ताभर उजेड पडला, माझीच सावली माझ्यापुढे लांबलचक पळाली, आणि पुढची आठवण म्हणजे मी रस्त्याकडेच्या चरात उताणा पडलोय. मधलं काही आठवत नाही.

मोटार लाकडाच्या ठेकेदाराची. या मुलखात मोटारी त्या किती, ओळखायला चष्मा लागत नाही. थांबली. ड्रायव्हर खाली उतरला. मागे बसलेल्या ठेकेदाराने विचारलं, "जनावर आहे का माणूस?" ड्रायव्हर म्हणाला, माणूस. ठेकेदार म्हणाला, "मग येतील त्याची माणसं." आणि मोटार गेली. हे मी शुद्धीवर असताना ऐकलं आहे.

त्याची माणसं आली. म्हणजे माझा बा आला. रस्त्याला लागूनच आमचं खळं आहे, तिथे तो भाताच्या भाऱ्यांची राखण करत बसला होता. काटक्यांची चूड पेटवून धावत आला आणि माझं तोंड बघून लहान पोरासारखा रडला. मला त्याची लाजच वाटली. छातीवर खात्याचा बिल्ला लावणाऱ्या माणसाच्या बापाने असं रडू नये.

उजव्या तळहातालाही भाजलं आहे, मधोमध. पडताना हात दिव्यावर पडला असणार.

गुरुवार, ३ डिसेंबर

चैती भाकर आणि वालाची उसळ घेऊन आली. लग्न झाल्यापासून बायकोला 'अहो' म्हणायला शिकवतोय, पण दवाखान्यात सगळ्यांदेखत तिने विचारलंच, "पाय दुखतो का रं तुझा?" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दात नसलेलं तोंड पसरून हसला.

हाताला तेल लावता लावता तिने तळवा उजेडात धरला आणि म्हणाली, "ही तर दिव्याच्या टोपणाची कड उमटली. अख्खी गोल."

"पडलो तेव्हा हात दाबला गेला त्यावर."

"बा तर बोलतो, तू उताणा पडला हतास."

"मग?"

"काय नाय," म्हणाली आणि तेलाची वाटी पुसत बसली. बायकांना नको तिथे डोकं चालवायची खोड असते. चालवायचंच तर त्या ठेकेदाराला शिव्या देण्यात चालवावं.

डॉक्टरांनी सांगितलं की या अपघाताची चौकशी रस्ता कमिटी करणार. मोटारी यायला लागल्यापासून ही कमिटी निघाली आहे. तिच्यात तिघेजण आहेत: एक अध्यक्ष, एक ओव्हरसियर आणि तिसरे कोण, तर लाकडाचे ठेकेदार. त्यांच्या गाड्या रस्त्यावर सगळ्यात जास्त धावतात, म्हणून त्यांना रस्त्याची सगळ्यात जास्त काळजी, असा हिशेब आहे. मी डॉक्टरांना म्हटलं, मोडणाराच न्याय करणार का? ते म्हणाले, "हळू बोल." या दवाखान्याला लाकूडफाटाही ठेकेदाराकडूनच येतो.

पण मी घाबरत नाही. दिवा लागलेला होता, ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ आहे.

शनिवार, ५ डिसेंबर

ठेकेदाराचा ड्रायव्हर भिका आला होता. मूळचा मोखाड्याकडचा, आमच्यातलाच. ठाण्याला जाऊन मोटार शिकला आणि आता टोपी तिरकी घालतो. आज टोपी हातात होती. सोबत चार केळी. मी केळ्यांकडे पाहिलंही नाही.

"जिवाभाऊ, देवाशपथ सांगतो, मुद्दाम नाय केला."

"मुद्दाम केलंस असं कोण म्हणतंय? दिसलो नाही का मी?"

"आधी दिसला ना. लांबून उजेड दिसत होता पुढे, हलत हलत. मी बोललो, कोणतरी चाललाय. मग उजेड गेला. मी बोललो, गेला बाजूला. म्हणून मी आवरली नाय गाडी."

"उजेड गेला म्हणजे?"

"म्हणजे मालवला ना तुमी."

मी त्याला सरळ बाहेर जायला सांगितलं. म्हटलं, ठेकेदाराने पढवून पाठवलं तुला, केळीही त्याच्याच खर्चाची असतील. तो दारात उभा राहून टोपी पिळत होता. म्हणाला, "भाऊ, तुमच्या गावात, आमच्या गावात, उजेड गेला म्हणजे माणूस जाळीत शिरला. मी काय नवीन हाय का इथला?" आणि गेला.

किती बेमालूम खोटं बोलतात ही माणसं. खोट्यालाही आपल्या गावचा वास लावून आणतात. केळी शेजारच्या म्हाताऱ्याने खाल्ली.

सोमवार, ७ डिसेंबर

झोप नाही. पाय आतून ठणकतो. भिकाचं बोलणं डोक्यातून जात नाही, म्हणून त्याचा एकदाचा निकाल लावतो.

आमच्या लोकांत एक अडाणी रीत आहे, ती खरीच. अंधारात चूड घेऊन चाललेलं असताना समोरून किंवा मागून मोटार, घोडागाडी, साहेबलोकांच्या मशाली असं काही दिसलं, की हातातली चूड विझवायची आणि करवंदीच्या जाळीत शिरायचं. मोठं कुणी जाऊ द्यायचं, मग पुन्हा चूड पेटवायची. कारण काय, तर वेठ. मुकादमाला रस्त्यावर माणूस दिसला की तो धरणार. ओझं उचल, ओंडका ढकल, गाडी चिखलातून काढ, रात्रभर वखारीवर राब, आणि सकाळी रिकाम्या पोटी, रिकाम्या हाताने घरी जा. दिसेल त्याला धरतात, म्हणून दिसायचंच नाही.

मी लहान असताना बाबरोबर असा कितीदा तरी जाळीत बसलो आहे. एकदा चूड नव्हती, मामाकडून आणलेली चिमणी होती. मागून घोड्यांच्या टापा आल्या. बाने मला बगलेत मारलं आणि "इझव, इझव" म्हणत चिमणीच्या तोंडावर सरळ तळहात दाबला. मांस भाजल्याचा वास आला. टापा जाईपर्यंत त्याने हात काढला नाही आणि हूं की चूं केलं नाही.

पण तो काळ गेला. मी मराठी शाळेत शिकलो, देवी टोचायची परीक्षा दिली, छातीवर पितळी बिल्ला लावला. बिल्लेवाल्याच्या घरच्या माणसाला ठेकेदाराचा मुकादम हात लावत नाही, हे सगळ्या साखरशेतला माहीत आहे. गेली तीन वर्षं माझा बा वेठीला गेलेला नाही. गावात असा तो एकटाच म्हातारा आहे. मी काय म्हणून दिवा विझवीन? मी कुणाला भितो?

आज एक आठवण मात्र उगाच मध्ये मध्ये येते. मोटार अगदी पाठीशी आली तेव्हा कुणीतरी "इझव" असं ओरडल्याचं ऐकल्यासारखं वाटतं. बा खळ्यावरून ओरडला असेल. पण खळं तिथून इतकं लांब, की मोटारीच्या आवाजात त्याचं ओरडणं ऐकू येणं कठीण. ताप आहे अंगात. तापात असं होतं.

मंगळवार, ८ डिसेंबर

ताप उतरला. कमिटीपुढे काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव केली. ओव्हरसियर परवा येऊन माझ्या सायकलचं जे काही उरलंय ते पाहून गेला आणि म्हणाला म्हणे, की मागे लाल दिवा कुठाय? विलायतेत मागेही दिवा असतो. मी असा विचार केला, की हा प्रश्न निघालाच तर म्हणायचं: साहेब, मोटारीला पुढे दोन मोठाले डोळे कशासाठी बसवलेत? समोरचं दिसावं म्हणून की नाही? मग माझ्या पाठीला दिवा कशाला हवा? उद्या म्हणाल, गुरांच्या शेपटीला कंदील बांधा. ज्याच्या अंगात जोर आहे त्याने बघून चालावं, ज्याचं हाड मोडतं त्याने नव्हे.

पण पुन्हा वाटतं, मागच्या मडगार्डाला नुसता चुना फासला असता तरी पांढरं दिसलं असतं. चुना घरात होता. हे कमिटीपुढे बोलायचं नाही.

गुरुवार, १० डिसेंबर

बा आला. साक्षीला त्यालाच बोलवा, असं मीच कमिटीला कळवलं आहे. डोळ्यांनी पाहिलेला दुसरा माणूस आहे कोण?

बा जमिनीवर बसला, खाटेवर बसायला तयार होईना. मी त्याला नीट समजावलं. म्हटलं, "बा, एवढंच लक्षात ठेव. मी दिवा लावलेला होता हे सिद्ध झालं, तर मी कामावरून येताना मोटारीने मला पाडलं असं ठरतं. मग नोकरी राहते, बिल्ला राहतो. दिवा नव्हता असं ठरलं तर चूक माझी. मग लंगड्या माणसाला कोण ठेवतोय कामावर? आणि बिल्ला गेला तर तुला पुन्हा मुकादम आहेच."

"हता ना दिवा!" बा म्हणाला. "लांबून माना दिसला. मी बोललो, आला माझा जिवा."

"बास. तेवढंच सांगायचं. जे पाहिलंस ते. खोटं एक अक्षर नको, आपल्याला त्याची गरज नाही."

"खोटा कशाला बोलू?" बाला तर वाईटच वाटलं. मग जरा वेळाने म्हणाला, "साहेब रागावला असंल का तुझ्यावर, मोटारीच्या मधी आला म्हणून?"

मी हसलो. म्हटलं, रागवायचं मी आहे, साहेबाने नाही. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. जाताना म्हणाला, "तू काळजी करू नको पोरा. तुझी काय चुकी नाय ते मी बराबर सांगतो."

फार दिवसांनी बाबद्दल मला बरं वाटलं.

मंगळवार, १५ डिसेंबर

आज कमिटी बसली, ते लिहितो.

दवाखान्याच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. मला खाटेसकट बाहेर आणलं. ठेकेदार पाय पसरून बसले होते, माझ्या पायाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी माझं सांगितलं. ठासून सांगितलं. मागच्या दिव्याचा प्रश्न निघाला, गुरांच्या शेपटीचं उत्तर मी दिलं, अध्यक्षांना हसूही आलं. सगळं माझ्या बाजूने चाललं होतं. मग भिका उभा राहिला. मान खाली घालून त्याने तेच सांगितलं: आधी उजेड होता, मग गेला. मी अध्यक्षांना म्हटलं, "हा चाकर माणूस, दुसरं काय सांगणार? माझ्या वडिलांना विचारा, त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे."

बा हात जोडून पुढे आला. नवं धोतर नेसला होता, ते चैतीने दिलं असेल.

अध्यक्षांनी बाला नावाने हाक मारून विचारलं, "लाडक्या, तुझ्या मुलाच्या सायकलीला दिवा होता का?"

"हता ना साहेब. चांगला लखलखीत."

मी ठेकेदारांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते.

"मोटार जवळ आली तेव्हाही होता?"

"नाय नाय साहेब," बा घाईघाईने म्हणाला, जसा काही कुणी माझ्यावर मोठा आळ घेतला होता. "मोटार आली तवा त्याने मालवला. बराबर मालवला. मी पाहला ना खळ्यावरून. असा हात ठेवला दिव्यावर." आणि त्याने आपला हात पुढे करून दाखवला, तळवा खाली करून. "पोरगा शिकला साहेब, बिल्ला लावला, पण रीत नाय इसरला. मोठ्या माणसाच्या गाडीला उजेड नाय दाखवला त्याने. बाजूला पण झाला असता, पण ती सायकल, ती काय माणसाच्या पायासारखी झट बाजूला होते? त्याची काय चुकी नाय साहेब. त्याने मान ठेवला तुमचा."

ठेकेदारांचा अडकित्ता थांबला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "लिहून घ्या." बा माझ्याकडे पाहून हसला. काम फत्ते केल्यासारखा हसला.

मी ओरडलो, खोटं आहे, म्हाताऱ्याला रातांधळं आहे, त्याला दिसत नाही. हे मी सगळ्यांदेखत बोललो. बाचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

बुधवार, १६ डिसेंबर

बा ओट्याखाली बसून आहे. मी त्याला आत येऊ देऊ नका म्हणून सांगितलं.

शनिवार, १९ डिसेंबर

निकाल लागला. सायकलस्वाराने मोटार येत असताना आपण होऊन दिवा मालवला, सबब दोष त्याचाच. शिवाय कमिटीने नवीन नियम केला आहे: यापुढे सायकलीला पुढे एक आणि मागे एक असे दोन दिवे पाहिजेत, ते सतत तेवते पाहिजेत, न तेवल्यास दंड. मोटारीने काय करावं याबद्दल चकार शब्द नाही. इथल्या सायकली बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक तर मोटारीनेच निकालात काढली. नियमाचं ओझं उरलेल्यांनी वाटून घ्यावं.

दुपारी शिपाई बिल्ला न्यायला आला. ओळखीचाच आहे. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, "वाटून नाही, तूच सगळं घेऊन जा." बिल्ला काढताना सदऱ्याला दोन भोकं राहिली. चैती म्हणाली, शिवून देते. मी म्हटलं, राहू देत.

पुन्हा पुन्हा आठवून पाहतो. मागून आवाज, उजेड, सावली. दिवा माझ्या डोळ्यांपुढे तेवताना मला दिसतो आहे. दिसतो म्हणजे दिसतोच. बाच्या मनात रीत इतकी मुरली आहे, की जे व्हायला पाहिजे होतं असं त्याला वाटतं तेच त्याने पाहिलं. याहून दुसरं काही झालेलं नाही. माझ्याच बापाच्या अडाणीपणाने मला बुडवलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

रविवार, २७ डिसेंबर

चैती म्हणते, मुकादम घरावरून गेला. काही बोलला नाही. अंगणात उभा राहून घर नुसतं पाहून गेला. बा तेव्हापासून रात्री खळ्यावर झोपत नाही, रानात कुठेतरी जाऊन झोपतो. मी म्हटलं, त्याला जाऊन सांग, त्यानेच पेरलं ते उगवलं.

चैतीने डबा उचलला. जाताना म्हणाली, "तुझ्या हातावरचा डाग कधी बरा होऊ नये." असली भाषा तिने माझ्याशी कधी केली नव्हती. डागाचा याच्याशी काय संबंध, तेही समजलं नाही. रागाच्या भरात बाई काहीही बोलते.

सोमवार, ४ जानेवारी १९३२

डॉक्टरांनी फळ्या काढल्या. पाय जुळला आहे, पण वाकडा. अजून महिनाभर भार टाकायचा नाही. खाट हवी आहे म्हणून उद्या घरी जायला सांगितलं. घरून माणसं झोळी घेऊन येतील. बा येणार असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही, असं ठरवलं आहे.

बुधवार, ६ जानेवारी
साखरशेत

काल संध्याकाळचं लिहितो.

दुपारी यायची ती माणसं उन्हं कलल्यावर आली. बा, काळ्या आणि ढवळू. काळ्या-ढवळू आमचे शेजारी, दोघं भाऊ. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, तीत मला घातलं. पुढच्या टोकाला बा. मी म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला, तर काळ्या म्हणाला, तो ऐकत नाय. वाटेतच अंधार झाला. चूड पेटवली, पण तिघांनाही आळीपाळीने खांदा द्यायचा, चूड धरणार कोण? शेवटी ती माझ्या हातात दिली. हात माझे मोकळेच होते.

मी बाशी बोललो नाही. तोही नाही. त्याची पाठ माझ्यापुढे हलत होती.

घाट उतरून नाल्यापाशी आलो आणि पुढच्या वळणाआडून मोटारीचा उजेड झाडांवर आला. झोळी एकदम थांबली. बा मागे वळून म्हणाला, "इझव पोरा. इझव, आनि जाळीत चला."

काळ्या, ढवळू तर निम्मे वळलेही होते.

मी म्हटलं, "नाही."

"जिवा, इझव."

"नाही विझवत. मी काय चोर आहे? दिवा दिसल्यावर मोटार थांबते की नाही, ते आज सगळ्यांना बघू दे." आणि मी चूड दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली. ठिणग्या केसांत पडत होत्या. मला बरं वाटत होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. महिन्याभरात पहिल्यांदाच बरं वाटत होतं. विझवायचीच तर बाला माझ्या हातून ओढून घ्यावी लागली असती, पण त्याच्या खांद्यावर मी होतो. झोळी टाकल्याशिवाय त्याचा हात मोकळा होत नव्हता, आणि झोळी त्याने टाकली नाही.

मोटार थांबली. चांगली दहा-पंधरा हात अलीकडे, अलगद थांबली. माझं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं.

भिका मोटार चालवत होता. त्याने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. शेजारून मुकादम उतरला. म्हणाला, "वा. मी माणसंच बघत होतो." वळणापलीकडे नाल्यात ओंडक्यांच्या दोन गाड्या वाळूत रुतल्या होत्या, बैल बसले होते. "ठेवा तो पाळणा खाली आणि चला तिघंही."

मी म्हटलं, "थांबा. यांना नेता येणार नाही, मी खात्याचा माणूस आहे." आणि माझा हात छातीवर गेला. तिथे दोन भोकं होती. मुकादमाने वाकून ती भोकं पाहिली आणि हसला. "टोच्या, तुलाच कुणीतरी टोचलं वाटतं." 

मी म्हटलं, म्हातारा आहे, त्याला तरी सोडा. "एवढा तुला उचलून चाललाय की," मुकादम म्हणाला.

त्यांनी मला रस्त्याकडेला ठेवलं. बाने घोंगडी माझ्या पायावर ओढली. मग मुकादमाने माझ्या हातातली चूड घेतली. नाल्यात काम करायला उजेड पाहिजे होता.

रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही. नाल्याच्या बाजूने 'हेऽऽ हुप्' असा ओंडका ढकलायचा आवाज यायचा, त्यात बाचा आवाज मी ओळखत होतो. मग गाड्या सुटल्या आणि सगळे वखारीकडे गेले, ओंडके उतरवायला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. एकदा दुसरी मोटार आली. मी रस्त्याच्या कडेला होतो, अंधारात, अगदी उघड्यावर. सरपटत, कोपरांवर, मी करवंदीच्या जाळीत शिरलो. मोटार गेल्यावरही पुष्कळ वेळ बाहेर आलो नाही.

उजाडल्यावर ते तिघे आले. काळ्या, ढवळू माझ्याकडे बघत नव्हते. बाच्या उजव्या खांद्याची कातडी सोलवटली होती आणि सदऱ्याला रक्त चिकटून वाळलं होतं. त्याने आधी मला मोकळ्या घोंगडीत शोधलं, घाबरला, मग जाळीत पाहिलं. काट्यांनी माझं तोंड ओरबाडलं होतं. तो माझ्यापुढे उकिडवा बसला आणि बोटाने एक एक काटा काढायला लागला. 

शेवटी मीच विचारलं, "बा, काय केलं त्यांनी?"

"काय नाय," तो म्हणाला. "दिसलो कनी आपण. म्हणून नेला."

मग बांबू त्याच सोललेल्या खांद्यावर घेऊन त्याने मला घरी आणलं.